विभक्त मातापितर आणि मुलांचें विश्वविद्यालयीन शिक्षण

मुलांस अन्न, वस्त्र व आसरा देणें हें आईबापांचें कर्तव्य आहे, याविषयीं कोणत्याहि सुधारलेल्या समाजांत मतभेद नाहीं. मतभेद सुरू होतो तो 'शिक्षण' हा शब्द त्या यादींत घातल्यावर. आणि तो तीव्र होतो, तें शिक्षण शाळेंतून निघून विश्वविद्यालयाच्या दारापाशीं येतें तेव्हां. एका छपराखालीं राहणाऱ्या पतिपत्नींचा हा प्रश्न घरांतल्या घरांत सुटतो. कोणी दागिने मोडतात, कोणी जमीन गहाण टाकतात, कोणी 'आपली ऐपत एवढीच' असें मुलास स्पष्ट सांगतात. पण त्यासाठीं कोणी न्यायाधीशाकडे जात नाहीं. तींच दोघें विभक्त झालीं म्हणजे मात्र तोच प्रश्न न्यायासनापुढें येतो, आणि या मुलाची फी कोणीं, किती व कोठपर्यंत द्यावी, हें परक्या माणसास ठरवावें लागतें. या प्रश्नाचा लेखी इतिहास सुमारें १८० वर्षांचा आहे. तो मुख्यतः अमेरिकेंतील निरनिराळ्या राज्यांच्या न्यायालयांत घडला. परंतु त्याचीच दुसरी शाखा आपल्याकडेहि वाढली असून, तिच्यांतील एक महत्त्वाचा टप्पा नागपुरांत सुरू झालेल्या एका दाव्यानें गांठला आहे. म्हणून हा इतिहास थोडा विस्तारानें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

इंग्लिश कायद्याचा प्रसिद्ध भाष्यकार ब्लॅकस्टन यानें आपल्या ग्रंथाचा पहिला भाग १७६५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें आईबापांचीं तीन कर्तव्यें सांगितलीं आहेत: पोषण, रक्षण व शिक्षण. या तिहींत शिक्षणाचें महत्त्व सर्वांत अधिक, असेंहि तो म्हणतो. आणि लगेच खेदानें नमूद करतो कीं, बहुतेक देशांच्या कायद्यांत आईबापांना हें कर्तव्य बजावावयास लावण्याची पुरेशी सोय नाहीं. कर्तव्य सर्वांत मोठें, आणि त्याची बजावणी सर्वांत दुबळी! अमेरिकन वसाहतींनीं इंग्लिश कायदा घेतला तो या उणिवेसकट.

या उणिवेचा पहिला ठळक प्रत्यय व्हर्मोंट राज्यांत १८४४ सालीं आला. मिडलबरी कॉलेजानें थकलेल्या फीसाठीं दावा लावला होता. विद्यार्थी शिकत असतांना कायद्याच्या दृष्टीनें अज्ञान होता. अज्ञान माणसाच्या नांवें झालेलें देणें त्याच्यावर बंधनकारक होतें तें केवळ जीवनावश्यक वस्तूंपुरतें, असा जुना नियम आहे. तेव्हां कॉलेजचें शिक्षण ही जीवनावश्यक वस्तु आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. न्यायालयानें उत्तर दिलें कीं, साधारण शाळेंतील शिक्षण आवश्यक खरें, परंतु कॉलेजचें शिक्षण त्या सदरांत सामान्यतः येत नाहीं. आज हा निकाल कोणास संकुचित वाटेल. पण त्या काळीं तो तसा नव्हता. कॉलेजांत जात ते धर्मोपदेशक, वकील किंवा तत्सम पेशाचे थोडे तरुण. शेतकऱ्याच्या, सुताराच्या किंवा दुकानदाराच्या मुलाचें त्यावांचून कांहींच अडत नसे. म्हणून आवश्यक काय, याचें उत्तर न्यायालयानें आपल्या भोंवतालच्या समाजाकडे पाहून दिलें. पुढें समाज बदलला. निकाल मात्र ऐशीं वर्षें आधार म्हणून पुढें केला जात राहिला.

त्यास पहिला मोठा धक्का बसला तो वॉशिंग्टन राज्यांत, १९२६ सालीं. घटस्फोट झालेल्या एका जोडप्याच्या मुलीस कॉलेजांत जावयाचें होतें. मुलीचा ताबा आईकडे होता, आणि बापानें खर्च द्यावा म्हणून मूळ हुकूमनाम्यांत फेरफार व्हावा अशी आईची मागणी होती. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें ती तत्त्वतः मान्य केली. न्यायालयाचा युक्तिवाद दुहेरी होता. एक असा कीं, १८४४ सालीं जी गोष्ट थोड्यांची चैन होती, ती १९२६ सालीं अनेकांची गरज झाली आहे. तेव्हां 'आवश्यक' या शब्दाचा अर्थ काळाबरोबर पसरला पाहिजे. दुसरा युक्तिवाद मनुष्यस्वभावाचा होता. मुलाचा ताबा हातून गेला म्हणजे एरवीं वात्सल्यानें सहज केलें असतें तें करावयास आईबाप पुष्कळदां नाकारतात, असा न्यायालयांचा अनुभव आहे, असें या निकालांत म्हटलें आहे. पुढच्या शंभर वर्षांतला सारा वाद या दुसऱ्या वाक्याभोंवतीं फिरत राहिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. विभक्त घरांतील मुलास कायद्यानें अधिक कांहीं द्यावयाचें असेल, तर तें त्याच्यावर कृपा म्हणून नव्हे. घर मोडल्यामुळें जें त्याच्या हातून निसटलें, त्याची भरपाई म्हणून, असा त्याचा आशय आहे.

यानंतर एक अशी घटना घडली कीं, जिचा शिक्षणाशीं वरकरणी कांहींच संबंध नव्हता. व्हिएतनामच्या युद्धांत अठरा वर्षांचे तरुण लढावयास जात, पण त्यांना मत देतां येत नसे. हा अन्याय दूर करण्यासाठीं अमेरिकेच्या राज्यघटनेंत २६ वी दुरुस्ती झाली आणि १९७१ सालीं मताचा अधिकार अठराव्या वर्षापासून मिळूं लागला. त्याबरोबर बहुतेक राज्यांनीं सज्ञानतेचें वयहि २१ वरून १८ वर आणलें. तरुणांना स्वातंत्र्य मिळालें, आणि त्याच दिवशीं त्यांच्यांतील विभक्त घरांच्या मुलांची पोटगी तुटली! पूर्वीं एकविसाव्या वर्षापर्यंत बापावर बोजा असे, म्हणजे कॉलेजचीं बहुतेक वर्षें त्यांत येत. आतां शाळा सुटण्याचा आणि पोटगी सुटण्याचा मुहूर्त एकच झाला. खर्चाचा डोंगर जेथें सुरू होतो, नेमकें तेथेंच कायद्याचें बोट सुटलें. हा परिणाम बहुधा कोणीं इच्छिलेला नव्हता. परंतु तो सोसावा लागला तो हजारों मुलांना, आणि त्यांच्यापाशीं राहिलेल्या पालकाला. असा पालक बहुधा आई असे.

राज्याराज्यांनीं यावर निरनिराळे उपाय काढले. इलिनॉय राज्यानें १९७७ सालीं अमलांत आलेल्या विवाहविषयक कायद्यांत, सज्ञान मुलाच्या उच्च शिक्षणाचा खर्च घटस्फोटित आईबापांवर बसविण्याचा अधिकार न्यायालयांस स्पष्ट शब्दांनीं दिला. पुढच्याच वर्षीं त्या कलमास घटनेच्या आधारानें आव्हान देण्यांत आलें. अखंड घरांतील बापावर असें बंधन नाहीं. मग घटस्फोटित बापावरच कां? हा भेदभाव नव्हे काय? वरिष्ठ न्यायालयानें कलम उचलून धरलें. त्याच १९७८ सालीं वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयापुढेंहि हाच प्रश्न एका डॉक्टर बापाच्या मुलांच्या बाबतींत आला. तेथील नव्या कायद्यांत 'अज्ञान' या शब्दाऐवजीं 'अवलंबून असलेलें' मूल असा शब्द होता. आणि अठरा वर्षें पुरीं झालीं म्हणून मुलाचें अवलंबन संपत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें.

परंतु खर्च बसवावयाचा हें ठरलें, तरी तो कोणत्या मापानें, हा प्रश्न उरतोच. त्याचें सर्वांत बारीक उत्तर न्यू जर्सी राज्याच्या न्यायालयानें १९८२ सालीं दिलें. त्यानें बारा कसोट्या घालून दिल्या. कुटुंब एकत्र असतें तर या पालकानें हा खर्च केला असता काय. त्या घराचे संस्कार व आकांक्षा पाहतां मुलाची अपेक्षा वाजवी आहे काय. मागितलेली रक्कम किती, आणि ती निवडलेल्या संस्थेस व अभ्यासक्रमास साजेशी आहे काय. देणाऱ्याची ऐपत किती, आणि दोन्ही पालकांची मिळून किती. मुलाची बुद्धि व चिकाटी कशी आहे. त्याच्या नांवें कांहीं मिळकत आहे काय. सुटींत किंवा सत्र चालू असतां तें कमावूं शकेल काय. शिष्यवृत्ति वा कर्ज मिळण्यासारखें आहे काय. पैसे देणाऱ्या पालकाशीं त्याचा स्नेहसंबंध कसा आहे. आणि हें शिक्षण त्याच्या मागील अभ्यासाशीं व पुढील हेतूंशीं जुळतें काय. वाचकांच्या लक्षांत येईल कीं, यांत हिशेबाच्या जितक्या बाबी आहेत, तितक्याच मनाच्याहि आहेत. जें एकत्र घरांत जेवतांना बोलतां बोलतां ठरलें असतें, तें न्यायालयानें बारा प्रश्नांत मांडलें, एवढाच त्याचा अर्थ.

व्यवहारांत याचा निष्कर्ष बहुधा उत्पन्नाच्या प्रमाणांत वाटणी असा निघतो. उदाहरणार्थ, समजा, एका मुलीचा फी, पुस्तकें व वसतिगृह मिळून वर्षाचा खर्च ३,००,००० रुपये आहे. शिष्यवृत्ति आणि तिची स्वतःची कमाई मिळून ६०,००० रुपये प्रथम वजा करावयाचे. राहिले २,४०,०००. बापाचें मासिक उत्पन्न ९०,००० आणि आईचें ३०,००० असेल, तर प्रमाण तीनास एक. म्हणून बापानें १,८०,००० व आईनें ६०,००० द्यावे. निम्मेनिम वाटणी वरून समान दिसते. पण तिच्यांत आईच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा जाईल आणि बापाचा केवळ नववा जाईल असें होतें. हा हिशेब करून पाहिला म्हणजे 'दोघांनीं सारखें द्यावें' हें वाक्य वाटतें तितकें न्यायाचें नाहीं, हें उघड होतें. शिवाय सुटींत मुलगी ज्या घरीं येऊन राहते, त्या घराचा खर्च कोणत्याहि पावतीवर येत नाहीं. तो न्यायाधीशानें लक्षांत घ्यावा लागतो.

न्यू जर्सीच्याच न्यायालयानें २००६ सालीं या तत्त्वाची दुसरी बाजू दाखविली. मुलीनें बापाशीं संबंध तोडलेला, कॉलेज निवडतांना त्यास विचारलें नाहीं, आणि शिक्षण पुरें झाल्यावर मग खर्चाची मागणी झाली. अशा स्थितींत न्यायालयानें बापावर भार घातला नाहीं. ज्याच्याकडून पैसे घ्यावयाचे त्यास निर्णयांतहि वांटा पाहिजे. आणि मागणी करावयाची ती खर्चाच्या आधीं, मागाहून नव्हे, असा धडा त्यांतून निघाला.

पेन्सिल्व्हेनिया राज्याचा इतिहास मात्र उलट दिशेनें गेला. तेथील वरिष्ठ न्यायालयानें १९९२ सालीं ठरविलें कीं, कायद्यानें सांगितल्यावांचून सज्ञान मुलाच्या कॉलेजचा खर्च बापावर लादतां येत नाहीं. विधिमंडळानें १९९३ सालीं तसा कायदा लगेच केला. पण १९९५ सालीं त्याच न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. त्याचें म्हणणें असें: दोन तरुण सारख्याच वयाचे, सारख्याच गरजेचे, एकाचे आईबाप एकत्र, दुसऱ्याचे विभक्त. पहिल्याचा बाप पैसे देण्याचें नाकारतो तेव्हां त्याला दाद नाहीं. दुसऱ्याला मात्र न्यायालयाचा दरवाजा उघडा. या भेदास कोणतें सयुक्तिक कारण आहे? हा प्रश्न पोकळ नाहीं. एकत्र घरांतहि निष्ठुर बाप असतात, आणि विभक्त बापहि पुष्कळदां उदार असतात.

दक्षिण कॅरोलायनाचें न्यायालय तर या दोन विचारांमध्यें हेलकावे खात राहिलें. १९७९ पासून तें खर्च देववीत आलें होतें. २०१० सालीं समतेच्या तत्त्वाचा आधार घेऊन त्यानें तो प्रघात मोडला. अवघ्या दोन वर्षांनीं, २०१२ सालीं, तोच निकाल फिरवून पूर्वीची वाट धरली. कारण विभक्त घरांतील मुलांस शिक्षणाच्या बाबतींत खरोखरच अधिक अडचण सोसावी लागते आणि ती दूर करण्यांत राज्याचें हित आहे, हें त्यास पटलें. इलिनॉयमध्येंहि २०१६ पासून मर्यादा घालण्यांत आल्या. खर्चाचें माप राज्याच्या विश्वविद्यालयाच्या दरानें धरावयाचें, विद्यार्थ्यानें ठराविक गुण राखावयाचे, आणि सामान्यतः तेविसाव्या वर्षीं जबाबदारी संपावयाची. एका खालच्या न्यायालयानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें होतें. तो निकाल २०१९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें रद्द केला.

या सर्व हेलकाव्यांचें मूळ कोठें आहे, हें जर्मनीकडे पाहिलें म्हणजे समजतें. १ जानेवारी १९०० पासून अमलांत आलेल्या जर्मन दिवाणी संहितेंत पोटगीच्या व्याख्येंतच व्यवसायाच्या पूर्वतयारीचा खर्च अंतर्भूत आहे. आज तेथील आईबाप आपापल्या उत्पन्नाच्या व मिळकतीच्या प्रमाणांत तो सोसण्यास बांधलेले आहेत. आणि तीं एकत्र आहेत कीं विभक्त, यानें मूळ कर्तव्यांत फरक पडत नाहीं. म्हणजे अमेरिकेंत जो हक्क घर मोडल्यामुळें उत्पन्न होतो, तो जर्मनींत मूल असल्यामुळें उत्पन्न होतो. पेन्सिल्व्हेनियाच्या न्यायाधीशांना पडलेला प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. एकत्र हिंदु कुटुंबांत प्रश्न नेमका उलटा होता. मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणीं करावयाचा, हें विचारावें लागत नसे. तो कुटुंबाच्या सामाईक द्रव्यांतून होई. वाद होई तो पुढें: त्या शिक्षणावर मिळविलेली कमाई कोणाची? कुटुंबाच्या पैशानें विशेष विद्या घेतली, तर तिचें फळहि कुटुंबाचें, असा नियम होता. १९२१ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो एका सनदी अधिकाऱ्याच्या पगारासहि लागू केला. शिकलेल्या वर्गांत त्यामुळें खळबळ उडाली. अखेर मुंबईचे नामांकित कायदेपंडित मुकुंदराव जयकर यांनीं पुढें आणलेलें विधेयक १९३० सालीं मंजूर होऊन, विद्येची कमाई ज्याची त्याची, असें ठरलें. हें योग्यच झालें. पण त्याची दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. कमाई व्यक्तीची झाली, तरी खर्च कुटुंबाचाच राहिला. आणि तें कुटुंबच दुभंगलें म्हणजे तो कोणाचा, याचें उत्तर जुन्या शास्त्रांतहि नव्हतें व नव्या कायद्यांतहि नव्हतें.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनीं हें उत्तर अर्धवट दिलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें घटस्फोटाच्या दाव्यांत अज्ञान मुलांच्या शिक्षणाविषयीं हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. १९५६ च्या दत्तक व पोटगीच्या कायद्यानें पोटगींत शिक्षणाचा स्पष्ट समावेश केला, आणि बापाबरोबर आईहि जबाबदार धरली. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करूं शकत नसेल, तर तिचा हक्क सज्ञान झाल्यावरहि चालू ठेवला. तिच्या लग्नाचा वाजवी खर्चहि त्यांत धरला. मुलगा मात्र अठरा वर्षांचा होतांच या कायद्याच्या कक्षेबाहेर पडला. सज्ञानतेचें हें वय आपल्याकडे सामान्यतः १८७५ च्या कायद्यापासूनच अठरा आहे. फौजदारी संहितेखालील पोटगीची स्थिति तर आणखी बिकट होती. तिची कमाल मर्यादा १९५५ पासून महिना ५०० रुपये होती, आणि ती उठली २००१ सालीं. ५०० रुपयांत कॉलेजचें नांवहि काढतां येत नव्हतें.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयांत निघालेल्या एका प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयानें ४ नोव्हेंबर २०२० रोजीं जो निकाल दिला, त्याचें महत्त्व येथें आहे. न्यायमूर्ति इंदु मल्होत्रा व सुभाष रेड्डी यांनीं पोटगीच्या सर्व दाव्यांसाठीं नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनीं आपलें उत्पन्न, मिळकत व देणीं शपथेवर उघड करावीं, हा त्यांतील मुख्य. मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापानें करावा. परंतु आई कमावती असून तिचें उत्पन्न पुरेसें असेल, तर तो दोघांत प्रमाणानुसार वाटावा, असें त्यांनीं सांगितलें. मार्च २०२१ मध्यें त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानें एका मुलाच्या बाबतींत, अठरा वर्षांपर्यंतचें शिक्षण आजच्या काळीं पुरेसें नाहीं हें ओळखून, पहिली पदवी मिळेपर्यंत पैसे देण्याचा हुकूम केला. आणि २ जानेवारी २०२५ रोजीं न्यायमूर्ति सूर्यकांत व उज्ज्वल भुयान यांच्यापुढें एक विलक्षण प्रकरण आलें. आईबाप २६ वर्षें विभक्त. मुलगी आयर्लंडमध्यें शिकणारी. बापानें तिच्या शिक्षणासाठीं दिलेले ४३ लाख रुपये स्वाभिमानामुळें ती घेईना, आणि बाप परत घेईना. शिक्षणाचा खर्च आईबापांकडून मिळणें हा मुलीचा हक्क आहे, असें सांगून न्यायालयानें ती रक्कम तिचीच ठरविली. पैसे नाकारणाऱ्या मुलीस ते तिच्या हक्काचे म्हणून सांगण्याची पाळी न्यायालयावर आली, यांतच या प्रश्नाचें सारें दुःख सांठलें आहे.

या इतिहासावरून आमच्या मतें तीन गोष्टी निश्चित होतात. पहिली ही कीं, अठराव्या वर्षाची रेघ मतदानासाठीं किंवा करारासाठीं सोयीची असली, तरी शिक्षणासाठीं ती निरर्थक आहे. पहिली पदवी, किंवा तितक्याच मुदतीचें धंदेशिक्षण, हीच तेथें खरी सीमा होय. दुसरी ही कीं, हा हक्क घटस्फोटाच्या कायद्याच्या आश्रयानें उभा करूं नये. तो पोषणाच्या कर्तव्यावर उभा करावा. तसें केलें म्हणजे विभक्त आणि अखंड घरांतील भेदाचा आक्षेप गळून पडतो, आणि मुलगा व मुलगी यांच्यांतील आजचा विसंगत भेदहि राहत नाहीं. तिसरी ही कीं, हक्काबरोबर मुलानेंहि कांहीं पाळलें पाहिजे. त्यानें अभ्यास नेटानें करावा, शिष्यवृत्तीची खटपट करावी, आणि निर्णयांत दोन्ही पालकांस आधीं सामील करावें.

यावर असें म्हटलें जाईल कीं, मायेचें काम कायद्यानें करवितां येत नाहीं. तें खरें आहे. पण कायद्यानें येथें मायेची मागणी केलेलीच नाहीं. फी भरण्याची तारीख मायेची वाट पाहत नाहीं. त्या तारखेस पैसे न भरले गेले, तर मुलाचें एक वर्ष बुडतें; आणि अशीं दोन वर्षें बुडालीं म्हणजे बहुधा शिक्षणच सुटतें. आईबापांचा समेट दहा वर्षांनीं झाला तरी चालतो, पण विसाव्या वर्षीं हुकलेलें शिक्षण तिसाव्या वर्षीं हातीं लागणें कठीण. म्हणून विभक्त होणाऱ्या दांपत्यानें घर, दागिने व ठेवी यांची वांटणी कागदावर लिहितांना, मूल लहान असलें तरी त्याच्या उच्च शिक्षणाचें एक कलम त्यांत घालावें: खर्च कोणत्या प्रमाणांत, कोणत्या मर्यादेपर्यंत आणि कोणाच्या विचारानें. तें कलम लिहावयास अर्धा तास पुरतो. तें न लिहिल्यामुळें पुढें जे खटले चालतात, ते संपेपर्यंत पुष्कळदां मुलाचें शिकण्याचें वय निघून गेलेलें असतें.